अकिकाच्या वाटेने: रतनपूर, खंभात, लोथल, धोळावीरा

हडप्पा संस्कृतीचे दागिने म्हटलं की बहुतेकांना मोहेंजोदडोची ती साडेदहा सेंटिमीटरची ब्राँझची नर्तिका आठवते. डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात मोजक्याच, गळ्यात तीन पदकांचा सर. ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जरूर बघावी. पण त्या काळच्या दागिन्यांचा जीव ज्यात होता तो लाल अकीक गुजरातच्या टेकड्यांतून निघायचा, गुजरातेतही त्याचे मणी घडायचे आणि ते मणी बोटीने इराणच्या आखातापलीकडे जायचे. या दगडाची वाट खाणीपासून शहरापर्यंत स्वतः चालून बघावी, असं बरीच वर्षं मनात होतं. या जानेवारीत जमलं.

सोबत मामा होते. ते पुण्यात रविवार पेठेत पटवेकरी. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगते, सोनार दागिना घडवतो आणि पटवेकरी तो गाठवतो. मणी ओवायचे, पदर जुळवायचे, गाठी मारायच्या, गोंडा लावायचा, म्हणजे मग तो गळ्यात घालता येतो. मामांनी उत्खननाचा एकही अहवाल वाचलेला नाही. मी बरेच वाचले आहेत, पण माझ्या हाताला गाठ येत नाही. या प्रवासात जे कळलं त्यातलं निम्मं मामांच्या प्रश्नांमुळे कळलं.

रविवार: रतनपूर

रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी अंकलेश्वरला उतरलो. तिथून रिक्षा-जीप करत झगडियामार्गे रतनपूर. राजपिपळ्याच्या टेकड्यांची ही कड. शेतांवर धुकं होतं, तुरीच्या शेंगा भरलेल्या होत्या आणि टपरीवरचा आल्याचा चहा इतका कडक की मामांनी लगेच दुसरा सांगितला.

गावाजवळच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. त्याची देखभाल सिद्दी लोकांकडे आहे. आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज आता अस्सल गुजराती बोलतात. बावा गोर हे अकिकाच्या धंद्याचे मूळ पुरुष मानले जातात आणि खाणीतले लोक, मणीवाले आणि व्यापारी सगळेच त्यांना मानतात. दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघंही दिसले. बावा गोर यांची बहीण माई मिस्रा हिचंही इथे स्थान आहे. तिथे बसलेल्या एका सिद्दी आजींनी मामांच्या कपाळावरचं गंध पाहून आपणहून नारळाचा तुकडा हातात ठेवला आणि विचारलं, 'कुठून आलात, काय मागायला आलात?' मामा म्हणाले, 'मागायला नाही, दगड बघायला आलो.' आजी खूश झाल्या. म्हणाल्या, दगड बघायला येणारे हल्ली कमी झालेत.

दगड मात्र पायाखालीच होते. पायवाटेवर, ओढ्यात, शेताच्या बांधाला मळकट, बटाट्याएवढे गोटे पडलेले. ओला करून उन्हात धरला की कड जराशी पारदर्शक दिसते. हे गोटे मुळात आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातले. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत ते तयार झाले, पुढे खडक झिजला आणि ते वाहून इथल्या खडीच्या थरांत साठले. म्हणजे सह्याद्री ज्या खडकाचा आहे, त्याच्याच पोटातलं हे.

तरुणपणी खाणीत उतरलेले एक भिल्ल आजोबा भेटले. त्यांनी हात पसरून खाणीचं तोंड दाखवलं, माणूस जेमतेम मावेल एवढं. तीसेक फूट सरळ खाली आणि मग थराच्या मागोमाग आडवे बोगदे. वर आणलेला प्रत्येक गोटा कडेला एक ठोका मारून बघायचा. आत चीर किंवा खडबडीतपणा दिसला की टाकून द्यायचा. 'ठोक्याचा आवाज खोटा आला तरी टाकायचा,' ते म्हणाले. मामांनी मान डोलावली. मोतीही आधी कानाने तपासतात म्हणे.

खाणीतून निघालेला अकीक लाल नसतो, हे ठाऊक असावं. तो करडा, पिवळट किंवा मातकट असतो. त्यात मुरलेल्या लोहामुळे त्याला पुढे लाली चढते, पण त्यासाठी आधी महिनोन् महिने ऊन द्यावं लागतं आणि मग आच.

जाणाऱ्यांसाठी: रतनपूरला राहण्याची सोय धरू नका, मुक्काम अंकलेश्वर किंवा भरूचला करा. दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल-ओढणी जवळ असावी. मानसिक त्रास असलेल्या माणसांना नातेवाईक इथे आशेने आणतात, तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवा.

सोमवार: खंभात

एके काळी खंभातच्या नावाने युरोप, अरबस्तान आणि आफ्रिकेत माल ओळखला जायचा. आज आखात गाळाने भरलंय आणि समुद्र गावापासून लांब गेलाय. पण मणी अजून घडतात. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत शिरलं की दगडावर दगड आपटल्याचा टिकटिक आवाज येतो. त्या आवाजाच्या मागे जायचं.

एका अंगणात साठीचे एक काका जमिनीवर बसले होते. समोर जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी टोकदार सळई. दगडाची कड त्या टोकावर टेकवायची आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. हातोडीचा दांडा वेताच्या काडीसारखा बारीक. ठोका वरून पडतो आणि ढलपी खालून, टोकाच्या बाजूने उडते. काकांनी आमच्याशी बोलता बोलता, दगडाकडे न बघता, एका गोट्याचा लांबट मणी उतरवला. चारी कडा सरळ. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर आणि बडोद्याच्या विद्यापीठातले कुलदीप भान यांनी इथल्या कारागिरांबरोबर बसून या कामाचा अभ्यास केला तो यासाठीच. हडप्पा काळच्या मणीकारांनी मागे टाकलेल्या ढलप्यांचे ढीग कसे वाचायचे, हे त्यांना खंभातच्या अंगणांत कळलं.

मातीच्या मडक्यांत भरून, भुशाच्या किंवा शेणाच्या मंद आचेवर रात्रभर दगड भाजतात. सकाळी मडकं गार झालं की उघडायचं. आधी उघडलं तर दगड तडकतात. आचेने दगडातल्या पिवळ्या लोहसंयुगातलं पाणी निघून जातं आणि तेच लोह लाल होतं. एका भाजणीत मनासारखी लाली आली नाही तर पुन्हा भाजायचं. काकांच्या सुनेने तीन मणी तळहातावर ठेवून दाखवले. एक न भाजलेला, एक एकदा भाजलेला आणि एक अनेकदा भाजलेला. पहिला मेणाच्या रंगाचा, तिसरा डाळिंबाच्या दाण्यासारखा. त्या तिघांकडे बघत मी बराच वेळ उभी होते.

मग वेज, म्हणजे मण्याचं भोक. मामा ज्यासाठी आले होते ते हेच. आज कमानीने फिरवायच्या सामत्याला, म्हणजे गिरमिटाला, हिऱ्याच्या बारीक कणांचं टोक लावतात, वरून पाण्याचा थेंब पडत राहतो आणि मण्याला बघता बघता वेज पडतं. यंत्रंही आली आहेत. हडप्पा काळात हिऱ्याचं टोक नव्हतं. त्यांच्याकडे एका खास कठीण दगडाचे दंडगोल सामते होते, कमरेत किंचित बारीक केलेले. मोहेंजोदडो आणि चन्हुदडो खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून या दगडाला आज अर्नेस्टाइट म्हणतात. प्रयोग करून बघितलं तेव्हा त्या सामत्याने अकिकात तासाला अडीच मिलिमीटरच्या आसपास वेज जातं असं दिसलं. आणि त्यांचे लांब मणी सहा सेंटिमीटरपासून बारा-तेरा सेंटिमीटरपर्यंतचे! कराचीजवळच्या अल्लाहदिनोला मिळालेल्या कमरपट्ट्यात असे ३६ मणी आहेत. तो एक पट्टा घडवायला ४८० दिवसांचं काम लागलं असेल, असा केनॉयर यांचा हिशेब आहे.

हे मी मामांना सांगितलं. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, म्हणजे वेज पाडताना शेवटच्या दिवशी मणी तडकला तर?"

"तर गेला, मामा. तसे तडकलेले मणी सापडलेत ना ढिगांनी."

"मग हे सोन्याहून महाग."

हडप्पाच्या लोकांकडे सोनं होतं, पण त्यांची खरी श्रीमंती दगडावर खर्ची घातलेल्या दिवसांत होती. रस्त्यावर पडलेला गोटा, त्यावर माणसाचे महिने. ज्याला ते परवडत नव्हतं तो मातीचा लांब मणी करून त्याला लाल रंग द्यायचा. तसे मातीचे मणीही सापडले आहेत. मला ते अकिकाच्या मण्यांइतकेच आवडतात. कुणीतरी कुठल्यातरी लग्नासाठी हौसेने ते घातले असणार.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी. त्याच गल्लीत पुढे मणी घासायची चाकं चालू होती. दगडाची धूळ धुक्यासारखी तरंगत होती. ही धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो, त्यावर बरं करणारं औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातमध्ये यावर बरंच काम केलं आहे, धूळ ओढून घेणारी यंत्रं सुचवली आहेत. तरी घराघरांत चालणाऱ्या चाकांपाशी तोंडाला फडकं बांधून बसलेली माणसं दिसतात, आणि शेजारीच मुलं खेळत असतात. पूर्वी मण्यांना चकाकी आणायला ते चामड्याच्या पिशवीत पूड आणि पाणी घालून भरायचे आणि दोघंजण समोरासमोर बसून ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोटत राहायचे. त्यात वेळ जायचा, पण ओलं काम असल्याने धूळ उडत नव्हती. मणी घेताना घासकाम कुठे आणि कसं होतं हे विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं तर फरक पडेल, असं मला मनापासून वाटतं.

खरेदीबद्दल मामांचा सल्ला: मणी उजेडासमोर धरून वेजातून बघा. हाताने पाडलेलं वेज दोन्ही टोकांकडून येऊन मध्ये भेटतं आणि तिथे बारीकशी पायरी दिसते. तीच पायरी हडप्पाच्या मण्यांतही असते. वेजाच्या तोंडाशी रंग गडद होऊन साठलेला दिसला तर मणी भाजलेला नाही, रंगवलेला आहे. रंगवलेला घ्यायला हरकत नाही, पण भाव त्याप्रमाणे द्या.

खंभातला हलवासन आणि सुतरफेणी चुकवू नका. हलवासन गव्हाचं, दुधाचं, जायफळ-वेलचीचं. चव खरवस आणि आपल्या कंदी पेढ्याच्या मधली कुठलीतरी. संध्याकाळी १३२५ सालच्या जामा मशिदीत गेलो. तिचं अंगण दुपारभर तापून संध्याकाळी कोमट झालेलं, अनवाणी पायांना छान वाटतं.

मंगळवार: लोथल

खंभातहून तारापूर, वटामणमार्गे लोथल. अहमदाबादहून येणाऱ्यांना साधारण ८० किलोमीटर पडतं. वाटेत कापूस वेचून झालेली शेतं. हडप्पा लोकांची वस्त्रं कापसाची होती हे त्या शेतांकडे बघत आठवत होतं.

एस. आर. राव यांनी १९५५ ते १९६० या काळात लोथल खणून काढलं. दोनशे मीटरांहून लांब विटांचा तो चौकोनी हौद म्हणजे गोदी, असं त्यांचं म्हणणं. काही अभ्यासक तो पाण्याचा साठा मानतात. मला तिथे उभं राहून गोदीच पटली, कारण मालाची वखार तिच्या शेजारीच आहे आणि इराणच्या आखातातल्या पद्धतीची एक मुद्राही इथे सापडली आहे. पण आमची पावलं मणी करणाऱ्यांच्या घराकडे होती. मध्ये अंगण, भोवती खोल्या आणि जवळ भट्टी. इथे मातीच्या भांड्यांत भरून ठेवलेले अकिकाचे शेकडो मणी मिळाले, कुणी नुसते फोडलेले, कुणी घासलेले, कुणी वेज पाडायच्या बाकी. काल खंभातच्या अंगणात जे बघितलं तेच, फक्त माणसं उठून गेलेली.

संग्रहालय छोटं आहे, पण दागिन्यांच्या कपाटापुढे तासभर सहज जातो. सोन्याचे अगदी बारीक मणी आहेत, मोहरीहून लहान. सोन्याच्या चपट्या चकत्यांचे मणी आहेत, ज्यांच्या पोटातून आरपार नळी जाते. तशाच घाटाचे मणी इराकमधल्या ऊरलाही मिळाले. शंखजिऱ्याचे मणी तर मिलिमीटरभर रुंदीचे. शंखजिरं हा दगड मऊ असतो, पण भाजला की पांढरा आणि टणक होतो. उत्तर गुजरातेतल्या झेकडा या गावी एका मडक्यात असे सुमारे ३४ हजार सूक्ष्म मणी मिळाले. मामांनी चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावलं आणि विचारलं, "ओवले कशात? यात तर केससुद्धा जाईल की नाही शंका."

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता. "हे मणी असेच ओवलेले सापडले का गं?"

नाही. दोरा मातीत कुजतो. बहुतेक माळा सुट्या मण्यांच्या रूपात निघतात आणि नंतर कुणीतरी त्या पुन्हा ओवतं. मोठा मणी मध्ये, लहान कडेला, अर्धगोल पट्टी टोकाला, असा क्रम अंदाजाने लावलेला असतो. काही ठिकाणी मणी जागच्या जागी मिळाले तर क्रम कळतो, एरवी तर्क. मामा म्हणाले, "म्हणजे काचेत दिसतंय ते गाठवणाऱ्याचं काम आत्ताचं." आणि मग त्यांनी कपाटातल्या बहुछिद्री पट्ट्यांकडे बोट केलं. "पण हे बघ, या पट्टीला जितकी वेजं, तितके पदर. टोकाची अर्धगोल चकती म्हणजे सगळे पदर एका गाठीत आणायची जागा. आपण मोहनमाळेला, चिंचपेटीला जे करतो ते हेच. हे अंदाजाचं नाही. हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय."

मग मी त्यांना मोहेंजोदडोच्या दागिन्यांची १९४७ नंतर दोन देशांत कशी वाटणी झाली ते सांगितलं. एका हाराचे मणी अक्षरशः अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे गेले. मामा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "हार तोडायला नको होता." मलाही तसंच वाटतं. खजिना वाटता येतो, पण हार म्हणजे त्यातले मणी अधिक त्यांचा क्रम, आणि तो क्रम वाटता येत नाही.

लोथलचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. भोवती खाण्याची सोय फार नाही, डबा-पाणी घेऊन जा. उन्हाळ्यात सावली अजिबात मिळत नाही.

बुधवार: भुज आणि अजरखपूर

रात्रीच्या गाडीने अहमदाबादहून भुज. थंडी बोचरी. स्टेशनबाहेर गरम दाबेली खाऊन थेट अजरखपूर, भुजपासून पंधराएक किलोमीटर. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या खत्री कारागिरांनी हे गाव वसवलं. तिथल्या नदीचं पाणी बदललं होतं आणि रंगाचं सगळं काम पाण्यावर चालतं.

अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं इथलं कापड, आणि मोहेंजोदडोच्या त्या दाढीवाल्या पुतळ्याचा शेला यांचं नातं इथे सगळेच सांगतात. साडेसतरा सेंटिमीटरचा तो पुतळा आज कराचीत आहे. डावा खांदा झाकणारा शेला, त्यावर तीन पाकळ्यांची नक्षी, उजव्या दंडावर वाकी, कपाळावर पट्टी. नक्षीच्या खोबणीत लाल रंगाचे अंश मिळाले होते. तीन पाकळ्यांच्या त्या खुणेवरून सरळ अजरखपर्यंत रेघ ओढणं मला पटत नाही, मध्ये चार हजार वर्षांची पोकळी आहे. पण एक पुरावा भक्कम आहे आणि तो मला त्या रेघेहून जास्त मोलाचा वाटतो. मोहेंजोदडोत चांदीच्या एका भांड्याला चिकटून कापसाच्या कापडाचा तुकडा टिकला, आणि तो मंजिष्ठाने रंगवलेला होता. मंजिष्ठाचा लाल रंग कापसावर नुसता बसत नाही, धुतला की जातो. तो धरून ठेवायला तुरटीसारखं काहीतरी आधी लावावं लागतं. हे ज्ञान त्यांच्याकडे होतं.

आणि तेच इथे डोळ्यांसमोर चाललेलं. एका खत्री कारागिराने आम्हाला पाटावर बसवलं, ठसा मामांच्या हातात दिला. चिंचोक्याच्या खळीत तुरटी कालवून ती लाल व्हायच्या जागी छापतात. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आठवडे-पंधरवडे आंबवतात. पांढरं राहायचं तिथे चुना आणि डिंक. मग नीळ, मग धुणं, मग उकळणं. तुरटीचा छाप लागलेलं कापड दिसायला जवळजवळ पांढरंच असतं. ते रंगाच्या कढईत बुडवल्यावर नक्षी हळूहळू लाल उमटत गेली तेव्हा मामा उभे राहिले. तो कारागीर म्हणाला, 'बसा, काका, हे रोजचंच आहे.' पण त्याच्याही चेहऱ्यावर आनंद होता.

अजरखपूरला वेळ काढून कारागिरांच्याच कार्यशाळेत खरेदी करा. यंत्रावर छापलेली नक्कल भुजच्या बाजारात भरपूर आहे. अस्सल कापडाची नक्षी बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी जुळते. कच्छी अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शेजारीच लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटरचं भरतकामाचं संग्रहालय आहे, त्याला किमान दोन तास द्या.

गुरुवार: धोळावीरा

भुजहून खावड्यामार्गे नव्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना मीठच मीठ, मध्ये काळी सरळ पट्टी. थंडीतही गॉगल हवाच, नाहीतर डोळे दुखतात. खावड्यात मेसूक ही मिठाई घ्या आणि पेट्रोलची टाकी भरून घ्या. सीमेजवळचा भाग आहे, ओळखपत्र जवळ असू द्या. शुक्रवारची सुट्टी आडवी येऊ नये म्हणून आम्ही संग्रहालय गुरुवारीच उरकलं.

धोळावीरा खडीर बेटावर आहे. जगत् पती जोशी यांनी १९६०च्या दशकात ते उजेडात आणलं, १९९० पासून आर. एस. बिश्त यांनी खणलं आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. पाण्याचे प्रचंड हौद, पॉलिश केलेले दगडी खांब आणि उत्तर दारापाशी दहा चिन्हांची ती पाटी यांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही. मला दागिन्यांचं धोळावीरा बघायचं होतं. इथे दीड हजारांहून जास्त दगडी सामत्यांचे तुकडे मिळाले, त्यात बहुतेक अर्नेस्टाइटचे. म्हणजे इथे किती जण बसून वेज पाडत होते, कल्पना करा. रतनपूरचा दगड इथवर येऊन घडत होता.

संग्रहालयात शंखाच्या बांगड्या आहेत. कच्छच्या आखातातले शंख ब्राँझच्या करवतीने कापून त्या व्हायच्या, एका शंखातून जेमतेम तीन-चार. शंखाचा पीळ जिथे जुळतो तिथे बांगडीवर उलट्या टोकासारखी एक खूण कोरायचे. हडप्पाच्या दफनभूमीत बायकांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या मिळाल्या आहेत. तीच बांगडी तांब्याची, मातीची, गारगोटीची पूड भाजून चकाकी दिलेल्या फायान्सची अशीही असायची. घाट एकच, ऐपत वेगळी. स्त्रियांच्या मातीच्या मूर्ती मात्र गुजरातेत फारशा मिळत नाहीत. पंख्यासारखं शिरोभूषण, आखूड कमरवस्त्र, त्यावर मण्यांचा पट्टा हे सगळं आपल्याला मुख्यतः हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या मूर्तींवरून कळतं.

रात्री गावातल्या एका घरी जेवलो. बाजरीचा रोटला, वर लोणी, वांग्याचं भरीत, गूळ आणि ताक. चुलीपुढे बसलेल्या ताईंच्या गळ्यातला चांदीच्या मण्यांचा सर तुटून पदराला बांधलेला होता. मामांना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून मेण, दोरा आणि तारेची सुई काढली. ताई आधी संकोचल्या, मग मणी ताटलीत ओतले. मामांनी दोरा मेणातून ओढला, पहिला मणी ओवला आणि थांबले. "ताईंना विचार, क्रम कसा होता?" मी तोडक्यामोडक्या गुजरातीत विचारलं. त्या म्हणाल्या, मोठा मध्ये नाही, मोठा मागे, मानेवर. तिथे तो कातडीला लागतो आणि सरकत नाही. आम्ही दोघंही मोठा मणी मध्ये धरून बसलो होतो. संग्रहालयांतल्या सगळ्या माळा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

ताईंनी निघताना मामांना तुपाची बरणी दिली. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या आणि मामाही.

शुक्रवार: धोळावीरा, शहराबाहेर

सकाळी शहराच्या पश्चिमेकडच्या दफनभूमीकडे गेलो. तिथे फारसं कुणी जात नाही. अर्धगोल ढिगारे आहेत, खाली खडकात कोरलेली खोली. त्यातल्या एकात माणसाचा सांगाडा मिळाला नाही. बहुधा दूर कुठे मेलेल्या कुणाची ती आठवण असावी. पण आत दागिने ठेवलेले होते, सोन्याची बांगडी, सोन्याचे आणि इतर मणी, आणि शंखजिऱ्याच्या मण्यांची एक माळ. ही माळ दोऱ्यात नाही, तांब्याच्या तारेत ओवलेली आणि तिच्या दोन्ही टोकांना अडकवायला आकडे.

मामा खडकाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तार आहे म्हणजे ही त्यांच्याच हातची."

"हो. ही कुणी पुन्हा ओवलेली नाही."

मग मी त्यांना आपल्याकडचं सांगितलं. डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केलं, तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या आतला दोराही टिकला होता, त्यात रेशीम आणि कापूस. तीन हजार वर्षांहून जुना दोरा. मोहेंजोदडोचं कापड धातूला चिकटलं म्हणून राहिलं, बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर तांब्याच्या मण्यातच कापसाचे तंतू मिळाले. जिथे धातू नव्हता तिथलं सगळं विणकाम, सगळ्या गाठी गेल्या.

मामांनी विचारलं, "नेवाशाच्या दोऱ्याला पीळ कुठल्या हाताचा होता, उजवा की डावा?" अहवालात आहे का ते बघून सांगते म्हटलं. "आणि धोळावीराच्या तारेचे आकडे दोन्ही एकाच दिशेला वळवलेत की समोरासमोर? समोरासमोर असतील तर मध्ये दोरी होती. एकाच दिशेला असतील तर फासा. नीट बघून ये."

खडीरचे जीवाश्म झालेले वृक्ष बघून, दुपारी जेवून निघालो. याच वाटेने जाणार असाल तर क्रम उलटा करू नका. बरेच जण भुजला उतरून आधी धोळावीरा गाठतात आणि खंभात वेळ उरला तर करतात. खंभातची अंगणं आधी बघितलीत तर धोळावीराच्या काचेतला दगडी सामत्याचा दीड इंचाचा तुकडा तुम्हाला थांबवेल. नाहीतर त्याच्यापुढून पुढे जाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. रतनपूरला एक दिवस, खंभातला दोन दिले तर उत्तम. धोळावीराला मुक्काम कराच, कारण दफनभूमीकडे जायला सकाळचं ऊनच बरं.